गिटारच्या पट्ट्या आणि छोटे रंधे

दातांचे डॉक्टर वापरतात तसा लहानसा आरसा गिटारच्या गोल भोकातून आत घातला, की बाहेरून कधीच न दिसणारी एक रचना दिसते. वरच्या पातळ फळीच्या खालच्या अंगाला लाकडाच्या अरुंद पट्ट्या चिकटवलेल्या असतात. पोलादी तारांच्या गिटारमध्ये दोन मुख्य पट्ट्या एकमेकींना फुलीसारख्या छेदतात. नायलॉनच्या तारांच्या स्पॅनिश गिटारमध्ये त्या बहुधा पंख्याच्या काड्यांसारख्या पसरलेल्या असतात. या पट्ट्यांना कारागीर ब्रेस म्हणतात. त्या घडवण्यासाठी जे छोटे रंधे लागतात, ते कसे निवडावेत, हा या लेखाचा विषय आहे. विषय सुतारकामाचा वाटेल. पण त्याचे उत्तर शोधताना आपल्याला भूमिती आणि स्थितिस्थापकता या दोन्हींचा आधार घ्यावा लागतो.

पट्ट्या कशासाठी?

तंबोऱ्याची तबली आपण पाहिलेली असते. ती फुगीर असते आणि फुगीरपणामुळे तिला बराचसा ताठपणा आपोआप मिळतो. गिटारची तबली जवळजवळ सपाट आणि फार पातळ असते. पोलादी तारांच्या गिटारमध्ये तिची जाडी अडीच ते तीन मिलिमीटर भरते. हलक्या जातीच्या सहा पोलादी तारा स्वरात लावल्यावर त्यांचा एकूण ताण सुमारे ७० किलोग्रॅम वजनाइतका होतो. नायलॉनच्या तारांचा ताण सुमारे ४० किलोग्रॅम असतो.

घोडीजवळ तारा तबलीच्या वर सुमारे १२ मिलिमीटर उंचीवर असतात. त्यामुळे हा ताण घोडीला पुढे कलंडवू पाहतो. हिशेब केला तर हे बलआघूर्ण, एक मीटर लांबीच्या काठीच्या टोकाला जवळजवळ एक किलो वजन टांगल्याने जेवढे होईल, तेवढे भरते. तेही दिवसरात्र, वर्षानुवर्षे. नुसती तीन मिलिमीटरची फळी थोड्याच काळात घोडीपुढे खचेल आणि घोडीमागे फुगेल. म्हणून पट्ट्या हव्यात.

मग पट्ट्या भरपूर जाड का करू नयेत? कारण तबलीचे दुसरे काम हवा हलवण्याचे आहे. तारेची ऊर्जा तशी थोडीच असते. तबली जड आणि ताठ झाली, तर तेवढ्या ऊर्जेने ती पुरेशी कंप पावत नाही आणि आवाज दबलेला येतो. आवाजात तबलीचा वाटा किती मोठा आहे, हे स्पेनमधील अल्मेरियाचा प्रसिद्ध कारागीर अंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) याने १८६२ मध्ये मोठ्या नामी रीतीने दाखवले. त्याने पाठ आणि कडा कागदाच्या लगद्याच्या पुठ्ठ्याने केल्या, तबली मात्र नेहमीसारखी लाकडी आणि आतून पंख्याच्या पट्ट्यांची ठेवली. ही गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

थोडक्यात, पट्टी इतकी ताठ हवी की गिटार खचू नये, आणि इतकी हलकी हवी की गिटार मुकी होऊ नये. या दोन मर्यादांमधली जागा फार अरुंद असते, आणि रंध्याने काढलेले लाकूड परत बसवता येत नाही.

उंचीचा घन

पट्टीचा ताठपणा कशावर अवलंबून असतो? आयताकृती छेदाच्या पट्टीसाठी तो रुंदी × उंची × उंची × उंची या गुणाकाराच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे रुंदी निम्मी केली तर ताठपणा निम्मा होतो. उंची निम्मी केली तर तो एक-अष्टमांशावर येतो.

समजा, एक पट्टी १२ मिलिमीटर उंच आहे. तिची उंची एक मिलिमीटरने कमी केली, तर वजन सुमारे ८ टक्क्यांनी घटते, पण ताठपणा सुमारे २३ टक्क्यांनी घटतो. आणखी एक मिलिमीटर काढला, की मूळ ताठपणाचा फक्त ५८ टक्के भाग उरतो. उलट, बाजूंनी घासून रुंदी ८ टक्क्यांनी कमी केली, तर ताठपणाही ८ टक्क्यांनीच कमी होतो.

याच नियमाचा फायदा कारागीर दुसऱ्या तऱ्हेनेही घेतात. पट्टीचा छेद आयताऐवजी त्रिकोणासारखा, म्हणजे तळाशी रुंद आणि वर निमुळता केला, तर काय होते? तळाची रुंदी तीच ठेवून उंची दुप्पट घेतली, तर त्रिकोणाचे क्षेत्रफळ, म्हणून वजनही, मूळ आयताइतकेच राहते. पण सुट्या पट्टीचा ताठपणा २.६७ पट होतो. म्हणूनच चांगल्या गिटारच्या पट्ट्या वरच्या बाजूला निमुळत्या दिसतात. पट्टी तबलीला चिकटली, की दोघींचा मिळून एक छेद बनतो आणि आकडे काहीसे बदलतात, पण दिशा हीच राहते.

या हिशेबावरून एक गोष्ट स्पष्ट होते. पट्टीवर रंध्याची कामे तीन आहेत: उंची कमी करणे, बाजू निमुळत्या करणे, आणि लांबीच्या दिशेने उतार किंवा खळगा देणे. पहिल्या कामात चूक सर्वांत महाग पडते, दुसऱ्यात स्वस्त, आणि तिसऱ्या कामाला रंध्याचा तळच वेगळा लागतो. निवड येथूनच सुरू होते.

तळाची लांबी

सुताराचा मोठा रंधा लांब का असतो? त्याचा सपाट तळ लाकडावरच्या खळग्यांवरून पुलासारखा जातो आणि फक्त उंचवटे कापतो. म्हणून पृष्ठभाग सपाट होतो. पट्टीचा माथा सरळ करायचा असेल, तर हाच गुण उपयोगी पडतो. पण येथे पट्ट्या तबलीला आधीच चिकटवलेल्या असतात, बाजूला दुसऱ्या पट्ट्या असतात, आणि सरळ भाग एकदीड वीतच मिळतो. तेथे १५ सेंटिमीटर लांबीच्या तळाचा, एका हातात मावणारा लोखंडी रंधा पुरतो. बाजारात त्याला ब्लॉक प्लेन म्हणतात.

आता खळग्याचा विचार करू. समजा, पट्टीच्या माथ्यावर १५ सेंटिमीटर लांबीत ५ मिलिमीटर खोल खळगा द्यायचा आहे. या कमानीची त्रिज्या किती? शाळेत स्फेरोमीटर वापरताना आपण ज्या भूमितीचा उपयोग करतो, तीच येथे लागू पडते. कमानीची खोली ही लांबीच्या वर्गाला त्रिज्येच्या आठपटीने भागल्यावर मिळते. त्यावरून त्रिज्या सुमारे ५६ सेंटिमीटर येते.

या कमानीत ९ सेंटिमीटर लांबीचा सपाट तळ ठेवला, तर तो दोन्ही टोकांवर टेकतो आणि मध्याखाली सुमारे १.८ मिलिमीटर फट राहते. पाते तेवढे बाहेर काढले, तर ते कापणार नाही, रुतेल. तळ ३ सेंटिमीटरचा असेल, तर फट फक्त ०.२ मिलिमीटर राहते. लांबी एक-तृतीयांश झाली, फट एक-नवमांश झाली. आणि १५ सेंटिमीटरचा रंधा तर खळग्यात उतरतच नाही.

म्हणून खळग्यासाठी दोन पर्याय उरतात: तळ अगदी आखूड असावा, किंवा तो होडीच्या बुडासारखा बहिर्वक्र असावा आणि त्याची त्रिज्या खळग्याच्या त्रिज्येपेक्षा कमी असावी. व्हायोलिनच्या फळ्या आतबाहेरून कोरणारे कारागीर असे पितळी रंधे फार पूर्वीपासून वापरत आले आहेत. ते अंगठा आणि दोन बोटांत धरता येतात. जपानी कारागिरांकडेही असे चिमुकले रंधे असतात. त्यांना तेथे 'मामे-गान्ना', म्हणजे कडधान्याच्या दाण्याएवढा रंधा, म्हणतात. जपानी रंधा ढकलायचा नसतो, आपल्याकडे ओढायचा असतो.

मात्र बहिर्वक्र तळाचा रंधा सरळ माथ्यासाठी वापरू नये. तो हाताच्या दाबाप्रमाणे डोलतो आणि माथ्यावर लाटा उठवतो. उंचीच्या घनाचा नियम आठवला, तर या लाटा किती महाग पडतात हे सांगायला नको.

रुंदीही पाहावी लागते. पट्टी जेमतेम ८ मिलिमीटर रुंद असते. तिला ३५ मिलिमीटर रुंद पात्याची गरज नाही. बाजू निमुळत्या करताना रंधा तिरका धरावा लागतो, आणि रुंद रंध्याची खालची कड तबलीवर आपटून तिच्यावर ओरखडा उठतो. २५ मिलिमीटर किंवा त्याहून अरुंद पात्याचा रंधा येथे सोयीचा. तरीही तबलीवर पातळ पुठ्ठा ठेवूनच काम करावे. फुलीच्या छेदाजवळ आणखी एक अडचण येते. पात्यापुढे तळाचे जेवढे नाक असेल, तेवढे अंतर आधीच दुसरी पट्टी रंध्याला अडवते. उरलेला भाग पटाशीने करावा लागतो. म्हणून रंधा घेताना पात्यापुढचे नाक आखूड आहे ना, हे पाहावे.

पात्याचा कोन

लाकूड पात्याच्या कोणत्या कोनाने कापले जाते? सुताराच्या नेहमीच्या रंध्यात पाते सुमारे ४५ अंशांवर बसवलेले असते आणि धारेचा उतार खालच्या बाजूला असतो. त्यामुळे धार कशीही लावली, तरी कापण्याचा कोन ४५ अंशच राहतो. ब्लॉक प्लेनमध्ये पाते उलटे, म्हणजे उतार वर करून, बसवतात. तेथे बैठकीचा कोन आणि धारेचा कोन यांची बेरीज होते. स्टॅन्ली कंपनीच्या साडेनऊ क्रमांकाच्या रंध्यात बैठक सुमारे २० अंशांची असते. धार २५ अंशांची लावली तर बेरीज ४५. त्याच कंपनीच्या साडेसाठ क्रमांकाच्या रंध्यात बैठक सुमारे १२ अंशांची, म्हणून बेरीज ३७.

पट्ट्या बहुधा स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाच्या असतात. हे लाकूड हलके असून तंतूंच्या दिशेने त्याचा ताठपणा वजनाच्या मानाने फार मोठा असतो. चांगला कारागीर पट्टीसाठी लाकूड करवतीने कापण्याऐवजी आधी फोडून घेतो. फोडताना भेग तंतूंच्या मागोमाग जाते आणि तंतू पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड राहतात. अशा सरळ तंतूंच्या लाकडावर ३७ आणि ४५ हे दोन्ही कोन चालतात. मात्र पट्टीच्या टोकांना उतार देताना पाते तंतू तिरके छेदते, आणि तेथे कमी कोनाचा रंधा अधिक स्वच्छ कापतो.

उताराचा एक नियम कधीच विसरू नये: रंधा उंचावरून सखलाकडे चालवावा. चढावर चालवला, तर धार तंतूंच्या टोकांखाली शिरते आणि लाकूड फाटत जाते. खळग्यात दोन्ही काठांकडून मध्याकडे यावे आणि मध्यावर थांबावे.

रंध्याच्या तोंडाचे, म्हणजे पात्यापुढच्या फटीचेही महत्त्व आहे. फटीची पुढची कड लाकडाला दाबून धरते, त्यामुळे छिलका धारेच्या आधी फाटत पुढे जात नाही. बारीक कामासाठी ही फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी असावी. ती मागेपुढे करता येणारा रंधा मिळाला, तर तोच घ्यावा.

धार

कोन, तोंड, तळ यांविषयी कितीही चर्चा केली, तरी धार बोथट असेल तर सारे फुकट. स्प्रूसच्या प्रत्येक वार्षिक वलयात एक मऊ आणि एक कठीण थर असतो. बोथट पाते मऊ थर कापण्याऐवजी चेपते आणि कठीण थरावरून उडी मारते. पृष्ठभाग खरबरीत होतो, आणि प्रत्येक फेरीत नक्की किती लाकूड गेले याचा अंदाज राहत नाही. धार तपासायची सोपी रीत म्हणजे मऊ पाइनच्या तुकड्याचे आडवे टोक रंधून पाहणे. कापलेला भाग चकचकीत दिसला तर धार चांगली. पांढुरका आणि भुसभुशीत दिसला तर पाते पुन्हा दगडावर न्यावे. मिरजेत सतार आणि तंबोरे घडवणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांची, ही गोष्ट या संदर्भात सहज आठवते.

छिलका हे माप

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. कानस किंवा पॉलिशपेपरने पट्टी घासली, तर भुकटी पडते आणि किती लाकूड गेले ते कळत नाही. रंध्याने मात्र सलग छिलका निघतो आणि त्याची जाडी मोजता येते. छिलका ०.१ मिलिमीटर जाड असेल, तर दहा फेऱ्यांत उंची एक मिलिमीटरने उतरते. म्हणजे रंधा हे कापण्याचे हत्यार तर आहेच, पण मोजण्याचे साधनही आहे.

याच ०.१ मिलिमीटरच्या छिलक्याचा परिणाम दोन पट्ट्यांवर पाहू. पोलादी तारांच्या गिटारची मुख्य पट्टी १५ मिलिमीटर उंच असेल, तर एका छिलक्याने तिचा ताठपणा सुमारे २ टक्क्यांनी उतरतो. स्पॅनिश गिटारची पंख्याची पट्टी ४ मिलिमीटर उंच असेल, तर तेवढ्याच छिलक्याने तो सुमारे ७ टक्क्यांनी उतरतो. दोन्हीकडे सारखाच परिणाम हवा असेल, तर पंख्याच्या पट्टीवर छिलका ०.०३ मिलिमीटरचा निघाला पाहिजे. म्हणून रंधा निवडताना पाते किती बारीक पावलांनी वर-खाली करता येते आणि लावलेल्या जागी ते घट्ट राहते का, हे आधी पाहावे. स्क्रूने पाते सरकवणारा रंधा येथे सोयीचा पडतो. पाचरीच्या रंध्यात पाते हलक्या टिचक्या देऊन सरकवावे लागते. ते जमते, पण हात बसायला वेळ लागतो.

चारसहा छिलके काढल्यावर कारागीर तबलीवर बोटाने टकटक करतो आणि ऐकतो. ताठपणा वजनापेक्षा झपाट्याने उतरत असल्याने तबलीचा स्वर खाली येत जातो. कोठे थांबायचे ते कान ठरवतो. पण दर पायरी किती मोठी, हे रंधा ठरवतो.

एक ऐतिहासिक उदाहरण

हा प्रश्न केवळ कागदावरचा नाही. सॅक्सनीतून १८३३ मध्ये अमेरिकेत गेलेल्या सी. एफ. मार्टिन याने स्थापलेल्या कारखान्यात फुलीच्या पट्ट्यांची रचना रुजली आणि पुढे पोलादी तारांच्या गिटारमध्ये ती सर्वत्र पसरली. तेथील गिटारमध्ये मुख्य पट्ट्यांना खळगे दिलेले असत. वादक अधिक जाड तारा लावू लागले आणि तबल्यांवरचा भार वाढला. १९४४ मध्ये कारखान्याने खळगे देणे थांबवले. गिटार मजबूत झाल्या. पण जुन्या गिटारींचा भरदार, मोकळा आवाज वादकांना पुन्हा हवासा वाटू लागला, आणि १९७६ मध्ये खळग्यांच्या पट्ट्यांची गिटार त्याच कारखान्याने पुन्हा बाजारात आणली. खळग्याचे काही मिलिमीटर किती मोलाचे असतात, हे यावरून दिसते.

वर्गात करून पाहा

गिटार आणि रंधा हाताशी नसले, तरी यातले विज्ञान वर्गात दाखवता येते.

पहिला प्रयोग: आइस्क्रीमच्या सारख्या काड्या घ्या. दोन काड्या नुसत्या एकमेकींवर ठेवा. दुसऱ्या दोन डिंकाने पूर्ण लांबीभर चिकटवून वाळू द्या. दोन्ही जोड्या दोन पुस्तकांच्या मध्ये ठेवून मधोमध सारखेच वजन टांगा. सुटी जोडी एका काडीच्या दुप्पट ताठ असते, चिकटवलेली सुमारे आठपट. पट्टी तबलीला घट्ट चिकटवण्याचे कारण विद्यार्थ्यांना एका दृष्टिक्षेपात कळते.

दुसरा प्रयोग: दोरी आणि खडूने जमिनीवर ५६ सेंटिमीटर त्रिज्येचा कंस काढा. त्याच्या आतल्या बाजूला १५, ९ आणि ३ सेंटिमीटर लांबीच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या टेकवून मधली फट मोजा. अनुक्रमे सुमारे ५, १.८ आणि ०.२ मिलिमीटर यायला हवी. शेवटची फट डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही, हाच धडा आहे.

तिसरा प्रयोग: जवळच्या सुताराकडून रंध्याचे छिलके आणा. दहा छिलके एकावर एक ठेवून स्क्रूगेजने जाडी मोजा आणि दहाने भागा. सुताराला बारीक आणि जाड असे दोन प्रकारचे छिलके काढून दाखवायला सांगा. आपल्या हाताला किती सूक्ष्म अंदाज असतो, हे पाहून त्यालाही गंमत वाटेल.

निवड

एकच रंधा घ्यायचा असेल, तर आमच्या मते कमी कोनाच्या बैठकीचा, तोंडाची फट कमीजास्त करता येणारा आणि स्क्रूने पाते सरकणारा १५ सेंटिमीटरचा ब्लॉक प्लेन घ्यावा. माथ्याची उंची, म्हणजे सर्वांत महाग काम, तो सांभाळतो. दुसरा घ्यायचा झाला, तर ८–९ सेंटिमीटर लांब, सुमारे २५ मिलिमीटर पात्याचा सपाट तळाचा छोटा रंधा. बाजू निमुळत्या करायला तो हवा. खळगे द्यायचे असतील तरच बहिर्वक्र तळाचा तिसरा. सोबत एक चांगली पटाशी आणि धारेचा दगड असावाच. रंधा हातात घेऊन पाहावा: तळहातात तो बसतो का, तळ सरळ आहे का, पाते बैठकीवर पूर्ण टेकते का. मग पाते परजून टाकाऊ लाकडावर छिलका काढावा आणि तो मोजावा. छिलक्याची जाडी प्रत्येक फेरीत सारखी आली, तर तो रंधा पट्टीवर चालवायला योग्य आहे असे समजावे.